डॉक्टरांनी सिंहासमोर सांगितलेली गोष्ट

कुवेतमध्ये येऊन मला बारा वर्षं झाली. त्यातल्या सहा-सात वर्षांतल्या माझ्या बहुतेक गुरुवारच्या संध्याकाळी मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्यांमध्ये गेल्या, असं गावी सांगितलं तर लोक हसतील. मी कॉम्प्युटरवाला माणूस. खैतानमध्ये बायको-मुलीबरोबर दोन खोल्यांत राहतो, आणि घरात उंदीर निघाला तर आधी पलंगावर चढतो.

आमच्या कंपनीचे मालक कुवेती आहेत. त्यांच्या घराला लागून दिवाणिया आहे, म्हणजे पुरुषांनी जमून कॉफी प्यायची आणि बोलत बसायची लांबलचक खोली. एकदा तिथला प्रोजेक्टर बंद पडला म्हणून त्यांनी मला बोलावलं. हवल्लीच्या दुकानातून दिवा आणून मी तो चालू केला, तर पडद्यावर एकदम एका रानरेड्याचं तोंड आलं. नाकातून रक्त गळत होतं आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता. मी दोन पावलं मागे सरलो. गाद्यांवर बसलेले तिघे मोठमोठ्याने हसले.

ते तिघे जुने दोस्त. एक आमचे मालक. दुसरे एक कंत्राटदार, दरवाजा भरून जाईल असा माणूस. तिसरे डॉक्टर, हाडांचे सर्जन, आता निवृत्त, बारीक अंगाचे आणि फार कमी बोलणारे. तिघे दरवर्षी परवाने काढून टांझानियाला जायचे आणि परत आल्यावर वर्षभर तेच बोलायचे. त्या दिवशी मालकांनी मला थांबवून विचारलं, "मुहंदिस, तुमच्याकडे शिकार करतात का?" इंजिनिअर असलो-नसलो तरी ते मला मुहंदिसच म्हणायचे. मी वडिलांकडून ऐकलेली आमच्या रत्नागिरीकडची डुकराची पारध सांगितली. जखमी डुकराने एका माणसाची मांडी कशी फाडली आणि त्याला चादरीच्या झोळीतून डोंगर उतरवून कसं आणलं, ते सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं मोडक्या अरबीत. गोष्ट संपल्यावर कंत्राटदारांनी स्वतः उठून माझ्या कपात कॉफी ओतली. तेव्हापासून प्रोजेक्टर बिघडलेला असो वा नसो, मला बोलावणं यायचं.

कंत्राटदारांची एक गोष्ट मी वीसएक वेळा ऐकली असेल. जखमी रानरेडा छातीएवढ्या गवतात शिरला. पुढे माग काढणारा तिथला माणूस, मागे कंत्राटदार आणि डॉक्टर; मालक त्या दिवशी कॅम्पवरच थांबले होते. रेडा बाजूने आला. माग काढणाऱ्याला त्याने शिंगावर घेतलं. "आणि हा," कंत्राटदार डॉक्टरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "याची बंदूक अडकली, तरी हा माझ्या शेजारी भिंतीसारखा उभा! हा हलला असता तर मीही पळालो असतो." मग दहा पावलांवरून त्यांनी गोळी घातली. गोष्ट संपेपर्यंत माझे तळहात दरवेळी ओले व्हायचे. डॉक्टर मात्र खाली बघत हातातला कप फिरवत राहायचे. मला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

एका हिवाळ्यात कंत्राटदारांनी सिंहाचा बच्चा आणला. कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही. असं जनावर पाळणं इथे कायद्याने बंद आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मालक चिडले, डॉक्टर तर दोन गुरुवार आलेच नाहीत. कंत्राटदार म्हणाले, "इतके मारले, एक वाढवू दे." खैरानला समुद्राकाठी त्यांचं शॅले आहे, सुट्टीचं घर. तिथे मागच्या अंगणात पिंजरा बांधला आणि एक सुदानी माणूस त्याच्या देखभालीला ठेवला.

सव्वा वर्षाने, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, त्यांनी आम्हाला तिथे जेवायला बोलावलं. मला प्रोजेक्टर घेऊन यायला सांगितलं होतं. गेल्यागेल्या आम्ही सिंह बघितला. बच्चा उरलाच नव्हता. मानेवर आयाळीचे खुरटे केस आले होते आणि पंजे माझ्या मुलीच्या तोंडाएवढे होते. तो जाळीपलीकडे फेऱ्या मारत होता. मी वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो तर तो थांबला आणि पोट जमिनीला लावून माझ्याकडे बघू लागला. डॉक्टरांनी मला दंडाला धरून उभं केलं. "त्याच्यासमोर वाकू नकोस," ते म्हणाले, "आणि पाठ करू नकोस."

जेवण आत बैठकीच्या खोलीत होतं. जमिनीवर मोठ्या ताटात भात आणि मटण, भोवती तिघे बसलेले. अंगणाकडे सरकता काचेचा दरवाजा, तो समुद्राच्या वाऱ्यासाठी उघडा ठेवला होता. मी भिंतीपाशी उभा राहून प्रोजेक्टरची वायर लावत होतो. सुदानी माणूस सिंहासाठी कोंबड्या आणायला गेला होता.

आधी वास आला. ओल्या पोत्यासारखा, त्यात कुजक्या मांसाचा. मी मान वळवली तर सिंह दरवाज्यात उभा होता. पिंजऱ्याची कडी नीट बसली नव्हती, हे नंतर कळलं.

मालकांचा घास तोंडाशीच राहिला. कंत्राटदार, ज्यांनी रेड्यावर दहा पावलांवरून गोळी घातली होती, त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी बघितला. खोलीत बंदूक नव्हती. आतल्या दाराकडे जायचं तर उठून पाठ करावी लागली असती.

"कुणी उठू नका," डॉक्टर म्हणाले. आवाज अगदी साधा, जेवताना मीठ मागावं तसा. "मुहंदिस, तू उभा आहेस तसाच राहा."

सिंह आत आला. फरशीवर त्याच्या पावलांचा आवाज नव्हता. मला वाटलं तो ताटाकडे जाईल. पण माझ्या हातात वायर होती आणि तिचं टोक फरशीवर लोळत होतं. त्याने त्यावर पंजा मारला. वायर हलली, मग त्याने पुन्हा मारला, मांजर दोरीशी खेळतं तसा. तिसऱ्यांदा पंजा माझ्या पायावर आला. चटका बसावा तसं काहीतरी पोटरीजवळ झालं. मी वायर आणखी घट्ट धरली.

"वायर सोड. हळू."

मी बोटं उघडली. सिंहाने वायर तोंडात धरून ओढली आणि टेबलावरचा प्रोजेक्टर धाडकन खाली पडला. सिंह दचकून मागे उडाला, कान मागे, दात बाहेर. ती गुरगुर मला कानांनी ऐकू आली नाही, पोटात ऐकू आली. मग तो काचेच्या दरवाज्यात, बरोबर उंबऱ्यावर, आडवा बसला. शेपटीचा गोंडा फरशीवर आपटत होता. त्याच वेळी माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. दर शुक्रवारी दुपारी बायको फोन करते. तो थरथरत राहिला आणि सिंहाचे कान माझ्या खिशाकडे वळले. मला माझ्या मुलीचं तोंड आठवेना. खूप प्रयत्न केला, आठवेना.

फोन थांबला.

"माणसाच्या आवाजाची याला सवय आहे," डॉक्टर म्हणाले. "शांतता झाली की तो अस्वस्थ होतो. कुणीतरी बोलत राहायला हवं. तो कोंबड्यावाला येईपर्यंत." त्यांनी कंत्राटदारांकडे बघितलं. "तू बोल. तुला सवय आहे."

कंत्राटदारांनी डोळे मिटून घेतले.

तेव्हा डॉक्टरच बोलायला लागले. अरबीत, सावकाश, सिंहावरची नजर न काढता. इतक्या वर्षांत माझे कान तयार झाले होते, मला सगळं कळत होतं.

"रेड्याची गोष्ट सांगतो. गवत छातीपर्यंत होतं, हे तू नेहमी बरोबर सांगतोस. वारा मागून होता, तेही बरोबर. पण मी तुझ्या शेजारी नव्हतो."

मालकांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"रेडा गवतातून निघाला तेव्हा मी बंदूक टाकली. ती अडकली नव्हती. मी टाकली आणि पळालो. एक काटेरी झाड होतं, त्यावर चढलो. माग काढणारा मला हाका मारत होता, डॉक्टर, डॉक्टर. मी वरून बघत होतो. रेड्याने त्याला दोनदा उचललं. तू गोळी घातलीस तोवर त्याचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. मी हाडांचा सर्जन. माझी पिशवी झाडाखालीच पडली होती. रेडा मेला तरी मी उतरलो नाही. तू माझी बोटं एकेक करून फांदीवरून सोडवलीस."

सिंहाने जांभई दिली. त्याची जीभ आणि मागच्या दाढा दिसल्या. डॉक्टर क्षणभर थांबले, शेपटी पुन्हा आपटायला लागली, तसे ते लगेच पुढे बोलू लागले.

"मग विमानात तू मला म्हणालास, 'तू माझ्या शेजारी उभा होतास, समजलं?' मी काही बोललो नाही. तेव्हापासून तू मला दर गुरुवारी उभं करतोस आणि मी दर गुरुवारी गप्प बसतो. मला आत्ताही तितकीच भीती वाटते आहे. फक्त इथे चढायला झाड नाही."

कंत्राटदारांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला हात उचलायची त्यांची हिंमत नव्हती.

डॉक्टर बोलतच राहिले. त्या गावाबद्दल, तिथल्या धुळीबद्दल, शिकारीच्या आदल्या दिवशी त्या माणसाच्या बायकोने त्यांना दिलेल्या चहाबद्दल. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझा डावा मोजा ओला आणि गरम झाला होता. अखेर बाहेर गाडी थांबली. आता फाटक वाजेल आणि हा उठेल, असं वाटून मी डोळे मिटले. पण सुदानी माणसाने बाहेरूनच रिकामा पिंजरा बघितला असणार. फाटक वाजलं नाही. अंगणातून जीभ टाळूला लावून काढलेला एक आवाज आला, टक टक, मग कोंबडी फरशीवर आपटल्याचा. सिंह उठला, अंग ताणलं आणि वळून निघून गेला. थोड्या वेळाने लोखंडी कडी वाजली. मग आणखी एकदा, खात्री करायला.

मी पडलेल्या प्रोजेक्टरशेजारीच बसलो. डॉक्टरांनी माझी पँट वर करून तीन लांब ओरखडे साबणाने धुतले. साबण त्यांच्या हातून दोनदा निसटला. "इस्पितळात जायचं," ते म्हणाले, "आणि तिथे खरं सांगायचं." कंत्राटदारांनी मान हलवली. त्याच दुपारी त्यांनी स्वतः सरकारी खात्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी लोक येऊन सिंहाला बेशुद्ध करून घेऊन गेले. कंत्राटदारांना नंतर बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या, त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

बायकोला मी इस्पितळातूनच फोन केला. ती आली, पाय बघितला, माझी औषधं पिशवीत भरली आणि टॅक्सीत बसली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांच्या गोष्टी ऐकायला जात होतात ना? ऐकायला."

दोन महिने मी दिवाणियाकडे फिरकलो नाही. फ्रिज गुरगुरला तरी दचकायचो. मग एक दिवस डॉक्टरच आमच्या ऑफिसात आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. "त्या माणसाला शोधता येईल का?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं मी विचारलंच नाही. भीती वाटायची की तो नसेल. त्याहून जास्त, तो असेल याची."

मी त्या शिकार-कॅम्पला मेल पाठवले. तिसऱ्याला उत्तर आलं. माणूस होता, कुबडीवर चालत होता, गावात सायकली दुरुस्त करत होता. कॅम्पवाल्याने मध्ये बसून व्हिडिओ कॉल जुळवून दिला. डॉक्टर तयार करून आणलेली सगळी वाक्यं विसरले. एवढंच म्हणाले, "मी त्या दिवशी पळालो होतो." कॅम्पवाल्याने ते त्याच्या भाषेत सांगितलं. तो माणूस पडद्याच्या अगदी जवळ आला, डॉक्टरांचा चेहरा बघत राहिला. मग काहीतरी बोलला.

"तो म्हणतो, मला माहीत आहे," कॅम्पवाला म्हणाला. "म्हणतो, मीही तुमच्या जागी असतो तर पळालो असतो. पण नंतर भेटायला आलो असतो."

पुढच्या जानेवारीत डॉक्टर त्याला भेटायला निघाले, बंदुकीशिवाय. कंत्राटदार हट्टाने बरोबर गेले. विमानतळावर मीच सोडायला गेलो. दोघेही उतारवयातले, एकमेकांच्या बॅगांवरून भांडत होते. आत जायच्या आधी डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"फार," ते म्हणाले, आणि कंत्राटदारांनी त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली.