धोट्याला लागणारा श्वास

त्र्याण्णव साली सुरतेत, बमरोलीच्या कापड कारखान्यात एक विणकर माझ्या शेजारच्या मागावर बारा दिवस होता. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी बदलली की त्याच्या भोकातून नवा धागा तोंडाने, श्वासाच्या जोरावर ओढावा लागे. मला एक श्वास पुरायचा. बिड्यांनी पोखरलेल्या त्याच्या छातीला चार लागत, वर खोकला. तेवढा वेळ माग बंद, आणि मजुरी मीटरवर. मुकादमाची नजर चुकवून तो धोटा सदऱ्याला पुसून मला द्यायचा, "भाऊ, एवढा भरून दे."

बाराव्या दिवशी मुकादम समोरच उभा राहिला. "आज तूच भर."

धागा आला नाही.

"हिशेब घेऊन जा."

निघताना माझ्या कानावरची बिडी बघून तो म्हणाला, "तुला अजून एका श्वासात येतंय ना? तोवरच सोड."

उरलेल्या पाळीत मी दर कांडीला श्वास मोजत होतो. सहाव्या कांडीला दोन लागले.