फलकावर नसलेली सुलेमा कान्तू

आमच्या सॅन अँटोनियोत चिप्सची एक कंपनी आहे. तिच्या पाकिटावर मोठी टोपी घातलेली हसरी मिरची असते. आमच्या मेक्सिकन वंशाच्या लोकांपैकी त्या कंपनीत सर्वांत वर पोचलेली कितीतरी वर्षं ती मिरचीच होती. मग सुलेमा कान्तू उपाध्यक्ष झाली आणि मिरचीला सोबत मिळाली.

सुलेमाला मी रात्रीच्या कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवलं. दिवसभर पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्याशी उभी राहून यायची, अंगाला मक्याचा आणि तळणीचा वास. डुलक्या घेणाऱ्यांतली नव्हती, प्रश्न विचारून विचारून मलाच घरी जाऊ देत नसे. नवरा ट्रकवर, मुली आईच्या भरवशावर. पट्ट्यावरून ती पाळीप्रमुख झाली, मग अख्ख्या कारखान्याची व्यवस्थापक. दुसऱ्या कारखान्यांत काही अडलं की तिथले साहेब गुपचूप तिला फोन करत, आणि वर कळवत, ‘आम्ही निस्तरलं.’

पुढे भागधारक विचारायला लागले, तुमच्या वरच्या मजल्यावर बायका किती, हिस्पॅनिक, म्हणजे आमच्यासारखे स्पॅनिश मुळांचे, किती? वरच्या मजल्याला घाम फुटला. सुलेमाला कारखान्यातून उचलली आणि ‘समाज आणि संस्कृती’ खात्याची उपाध्यक्ष करून टाकली. खातं म्हणजे एक खोली आणि एक कुंडी. हाताखाली माणूस नाही, यंत्र नाही. काम एकच, फोटोत उभं राहायचं. एकदा बाई म्हणून मोजायची, एकदा हिस्पॅनिक म्हणून, म्हणजे एका पगारात दोन रकाने भरले. एवढी काटकसर त्यांना तळणीच्या तेलातही कधी जमली नव्हती.

“बाई, दारावरची पाटी खुर्चीपेक्षा मोठी आहे,” ती मला म्हणाली.

“मग घेतलीस कशाला?”

“म्हटलं, आत तर शिरू. आत गेलं की दुसऱ्यांसाठी दार उघडता येतं.”

“अगं, ते दुकानाचं काचेचं कपाट आहे. त्याला आतून कडी नसते.”

हसली, पण लागलं तिला. दोन रविवार माझ्याकडे कॉफीला आली नाही.

त्या उन्हाळ्यात सगळ्या कारखान्यांचा उत्पादनप्रमुख निवृत्त व्हायला निघाला. ही खुर्ची मात्र खरी होती. माणसं, यंत्रं, मका, सगळं तिच्या हुकमाखाली. सुलेमाला हवी होती ती हीच, पट्ट्याशी उभी होती तेव्हापासून. ती सरळ अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष म्हणजे क्लिफर्ड बोमन. आवाज मऊ, हात त्याहून मऊ.

“सुलेमा, तू तिकडे गेलीस तर इथं कोण?” तो म्हणाला.

“दुसरी नेमा. कारखान्यात लायक बायकांचा तोटा नाही.”

“पण तुझी सर कुणाला येणार? तू आमचा चेहरा आहेस.”

“चेहरा मी. आणि डोकं कुणाचं लावणार आहात?”

डोकं ठरलेलं होतं. डॅलसहून ब्रॅड नावाचा एक शाम्पू विकणारा गृहस्थ यायचा होता. मक्याशी त्याचा संबंध आला असेल तर सिनेमाच्या मध्यंतरात. फक्त जाहीर करायचं राहिलं होतं. सप्टेंबरच्या मध्यावर हिस्पॅनिक महिना लागतो. त्यात आमचं कौतुक चाललेलं असताना आमच्याच बाईला डावललं असं दिसू नये, म्हणून थांबले होते. लाज नव्हती, पण वेळेचं भान होतं.

महिना लागायच्या आधी हमरस्त्यावरच्या फलकासाठी फोटो ठरला. सगळे बडे अधिकारी आणि मधोमध सुलेमा. वर बोमनच्या सेक्रेटरीचा प्रेमळ निरोप, “येताना तुझ्या हातचे तमाले आण ना!”

सप्टेंबरात तमाले! तमाले होतात नाताळात. घरच्या साऱ्या बायका टेबलाभोवती बसतात, कणसाच्या वाळक्या पानांवर पीठ थापतात, आत मटण भरून वाफवतात. नियम एकच, ज्याला खायचं त्यानं राबायचं. ज्याला काहीच येत नाही त्यानं पानं धुवायची.

“साहेबांना सांग,” सुलेमा म्हणाली, “तमाले नाताळात, माझ्या घरी. पानं धुवायला या म्हणावं. आणि फोटोला येईन ती उत्पादनप्रमुख म्हणून. कुंडीशेजारची म्हणून नाही.”

फोटोच्या दिवशी ती आपल्या जुन्या कारखान्यात गेली, डोक्याला जाळी बांधली आणि पट्ट्याशी उभी राहिली. इकडे फोटोग्राफर दिवे लावून खोळंबलेला. तिच्याशिवाय ते सगळे निळ्या सुटातले पुरुष शवपेट्यांच्या दुकानाची जाहिरात वाटत होते. मग या शहाण्यांनी काय करावं? खाली स्वागतकक्षात फोन घेणाऱ्या आरासेलीला वर आणलं, कुणाचं तरी जाकीट चढवलं आणि सांगितलं, “मधे उभी राहा, हाताची घडी घाल, गोड हसू नकोस.”

फलक लागला. ‘हे आमचे नेते!’ खाली एकाचंही नाव नाही. यांना वाटलं, आमच्यातली कुठलीही एक दुसरीसारखीच दिसते, कोण बघतंय!

बघितलं आरासेलीच्या आजीनं. चायो आजीनं चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या, फादरकडून घोषणा करवली, आणि पावाच्या दुकानात, सलूनमध्ये, दवाखान्याच्या रांगेत सांगत सुटली, “आमची आरासेली कंपनी चालवते!” पोरगी बिचारी “अगं आजी, तसं नाही” म्हणतेय, तर आजीचं उत्तर, “गप. लहानपणापासून लाजरीच.”

आमच्या स्पॅनिश रेडिओवाल्यांनी आरासेलीला मुलाखतीला बोलावलं. मी ऐकत होते.

“काय मग, पोरी, एवढ्या लहान वयात नेता?”

“नेता कसली? मी फोन घेते. ‘थांबा, जोडून देते’ म्हणते.”

“आं? मग फलकावर?”

“जाकीट माझं नाही, जागाही माझी नाही. तिथं सुलेमाबाई असायच्या. त्या म्हणाल्या, खरी खुर्ची द्या, मग फोटो काढा. म्हणून मला उभं केलं.”

“आणि खरी खुर्ची कुणाला?”

“डॅलसचे ब्रॅड म्हणून कुणी आहेत. त्यांचे फोन मीच जोडून देते.”

दुपारपर्यंत गावभर झालं. दुकानदारांनी चिप्सची पाकिटं मागच्या फळीवर ढकलली. भागधारकांचे फोन सुरू झाले, आणि ते घेऊन जोडून द्यायला जागेवर कुणी नव्हतं.

बोमननं सुलेमाला बोलावलं. आवाज नेहमीपेक्षाही मऊ. “आम्ही फेरविचार केलाय. उत्पादनप्रमुखपद तुझंच.”

“परवापर्यंत मी लायक नव्हते. आज काय झालं?”

“तुझी योग्यता आम्ही नेहमीच जाणत होतो.”

“कागदावर सही करा, मग जाणा.”

सही झाली. “आणि ‘समाज आणि संस्कृती’चं काय करायचं?” बोमननं विचारलं.

“ब्रॅडला द्या. चेहरा बरा आहे त्याचा. कुंडीला पाणी रोज घालायला सांगा.”

आता कंपनीच्या अहवालात छापलंय, ‘गुणवत्तेची कदर ही आमची परंपरा.’ थुंकावंसं वाटतं. तिची गुणवत्ता त्यांच्या नाकासमोर आयुष्यभर तळून निघत होती, तेव्हा वास आला नाही. आला तो पाकिटं खपेनाशी झाल्यावर. सुलेमानं आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात हजर होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिनं पट्ट्यावरच्या दोघींना पाळीप्रमुख केलं. फोटो न काढता.

नाताळच्या आधी बोमन खरोखरच तिच्या घरी उगवला, सोबत फोटोग्राफर. टेबलाभोवती आम्ही सगळ्या पीठ थापत होतो. चायो आजी आरासेलीवर ओरडत होती, “पातळ थाप, नेतीणबाई!”

“आधी एक फोटो घेऊ या का?” बोमन म्हणाला.

सुलेमाच्या आईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लेकीला विचारलं, “याला काही येतं का?”

“नाही, आई.”

म्हातारीनं त्याचा कोट उतरवून घेतला आणि भिजवलेल्या पानांची बादली त्याच्या पायाशी सरकवली. फोटोग्राफर हसला, म्हणून त्यालाही एक मिळाली.