बसतंय की

एखादी गोष्ट आत गेली म्हणजे ती तिथलीच, असं मानणाऱ्या माणसांची मला मनस्वी चीड आहे. आमच्या कोल्हापूर भागात त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: बसतंय की. डब्याला दुसऱ्याच डब्याचं झाकण, बसतंय की. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळावा पावणा, बसतोय की. या एका वाक्यापायी मी दोन हिवाळे जीप ढकलली आहे, तेव्हा मला याबद्दल बोलायचा हक्क आहे.

जीप आमचीच होती. नवरा कोडोली ते कोल्हापूर वडाप करायचा, म्हणजे माणसं भरून ने-आण करायचा, आणि मी गावातल्या दवाखान्यात नर्स. नव्वदचं दशक संपता संपता जीप डिझेलबरोबर ऑइलही प्यायला लागली. गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि पिस्टन, व्हॉल्व्ह, पुशरॉड अशी लांबलचक यादी हातात दिली. मी रजा काढून नवऱ्याबरोबर कोल्हापुरात स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. माझे वडील उद्यमनगरातल्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर उभे राहिले होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याकडं जाऊन मापं घ्यायची, त्यामुळं ही यादी मला नवऱ्यापेक्षा जास्त कळत होती. दुकानदारानं मात्र मला खुर्ची दिली आणि बोलणं नवऱ्याशी सुरू केलं.

मी खुर्चीवर बसले नाही. पुशरॉड म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी खालून रेटा देणारी लांब काडी. ती जराशीही वाकलेली चालत नाही. मी आठही काड्या एकेक करून काउंटरच्या काचेवर लोळवल्या. सात सरळ घरंगळल्या, एक थडथडली. दुकानदारानं तोंड वाकडं करून ती बदलून दिली, कारण ती थडथड त्याच्याही कानांनी ऐकली होती.

मग पिस्टन आले. पिस्टनच्या डोक्यावर एक वाटी कोरलेली असते, आणि दाबलेल्या हवेत डिझेल पेट घेतं ते त्या वाटीत. ही वाटी मला खोल वाटली.

"ह्यो टर्बोवाल्या गाडीचा हाय न्हवं?" मी विचारलं.

दुकानदार नवऱ्याकडं बघून म्हणाला, "पावणं, बिगरटर्बोचा सेट यायला आठ दिवस लागत्यात. बोअर त्योच, पिन तीच. बसतंय की."

"बसतंय म्हणतोय न्हवं त्यो," नवरा मला म्हणाला. सेट पिशवीत गेला.

टर्बोवाल्या इंजिनात हवा बाहेरून कोंबली जाते, म्हणून त्याची वाटी मोठी चालते. आमचं इंजिन आपल्याच दमानं हवा ओढणारं. त्याला मोठी वाटी दिली तर हवा पुरती दाबली जात नाही, आणि दाबल्याशिवाय ती तापत नाही. हे मी गॅरेजमध्ये तोंडानं सांगितलं. कुणी ऐकेना म्हणून वीस मिलीची नवी सिरिंज आणली आणि जुना-नवा दोन्ही पिस्टन मिस्त्रींसमोर ठेवून वाट्यांत रॉकेल भरलं. जुनी वाटी एका सिरिंजेत आणि वर थोड्या थेंबांत भरली. नव्या वाटीला त्याहून पाच मिली जास्त लागलं.

मिस्त्री म्हणाले, "वैनी, ही सुई पेशंटला टोचा. इंजिनला ताप न्हाय आला."

गॅरेजमधले सगळे हसले. त्यात माझा नवराही हसला, आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मिस्त्रींचं एक सोडा, पण माझं माप खोटं नाही हे नवऱ्याला माहीत होतं. त्याला फक्त आठ दिवस थांबायचं नव्हतं.

पिस्टन बसले. बसणारच होते. थंडी पडली तशी जीप सकाळी सुरू होईना. पांढरा धूर काढायची आणि गप्प व्हायची. मग नवरा स्टिअरिंगवर आणि मागून मी, ड्युटीची पांढरी साडी खोचून, सोबत पहिल्या फेरीची दोन-तीन माणसं. "जोर लाव की जरा," तो आतून म्हणायचा. मिस्त्रींनी बॅटरी बदलायला लावली, नोझल बदलले, पंप खोलला. दर वेळी मी वाटीचं नाव काढायची, आणि दर वेळी पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरा हिवाळा सरताना हेडचं गॅस्केट गेलं. आमच्याच अंगणात इंजिन पुन्हा उघडलं, तर पिस्टनही खराब झालेले निघाले. या वेळी दुकानात बिगरटर्बोचा सेट शिल्लक होता, तो आला. मिस्त्रींनी त्यातला एक पिस्टन डाव्या हातात धरला, इंजिनातून काढलेला उजव्या हातात, आणि दोन्ही उन्हात धरून बराच वेळ बघत राहिले.

"मालक, वाटीतच फरक हाय की ओ," ते म्हणाले. "कुणीतरी आदी सांगायला पायजे हुतं."

"व्हय की," नवरा म्हणाला. "कुणी सांगितलंच न्हाय."

मी चहाची किटली घेऊन दोघांच्या मधोमध उभी होते. दोघांनीही माझ्याकडं न बघता कप पुढं केले. मी किटली तशीच आत नेली आणि सगळा चहा मोरीत ओतला.