कापडात गुंडाळलेल्या बाटल्या

आमच्या आस्वाद मंडळाच्या छापील पत्रकात उद्देश दिला आहे: उत्तम वाईन आणि उत्तम अन्न यांची जाण वाढवणे. ते खोटं नाही. पण मंडळ निघालं ते वेगळ्याच कारणानं. खानावळवाल्या बाईला आपल्या नवऱ्याला आणि आपल्या भावाला एकमेकांच्या हातून मरू द्यायचं नव्हतं.

बाई अंगानं किरकोळ, आवाजानं खणखणीत. तीस माणसांचं मटण एकटी तोडायची. तिच्या नवऱ्यानं टेकडीवर द्राक्षवेल लावले, चार वर्षं रक्ताचं पाणी केलं, आणि पहिली वाईन उतरली त्या दुपारी मेहुण्याला जेवायला बोलावलं. मेहुणा मोठ्या कारखान्यात चाखणारा. दिवसाला चाळीस घोट तोंडात घ्यायचे, घोळवायचे आणि बादलीत थुंकायचे, ही त्याची नोकरी. गिळत बसला असता तर दुपारीच आडवा झाला असता. भावोजींची वाईन त्यानं तोंडात घेतली, डोळे मिटून सावकाश घोळवली, आणि सवयीनं कोपऱ्यातल्या बादलीत थुंकली.

"थुंकलास?" नवरा म्हणाला.

"अहो भावोजी, कामावर आम्ही..."

पुढचं वाक्य दोन दातांसकट गेलं. बाटली त्याच्या तोंडावर फुटली होती. पडता पडता त्यानं मटणाचा लांब काटा उचलला आणि भावोजींचा तळहात टेबलाला खिळवला.

दोघंही वाचले, म्हणून हाडवैर सुरू झालं. मेहुण्याच्या दोस्तांनी कुऱ्हाडी घालून भावोजींची पिंपं फोडली; तळघरात घोट्याएवढी वाईन साचली. नवऱ्यानं त्यांतल्या एकाला भररस्त्यात गाठून पहारीनं त्याच्या गुडघ्याची वाटी फोडली. बाई एकाची जखम बांधून होते न होते, तोच दुसऱ्याकडून बोलावणं यायचं. पुढच्या वेळी मुडदाच उचलावा लागणार, हे तिला दिसत होतं.

शेवटी तिनं दोघांना निरोप धाडला: "रविवारी दुपारी माझ्या टेबलावर जेवायला या. जो येणार नाही, त्यानं मला मेलेली समजावं."

दोघंही आले. दारात तिनं झडती घेतली. नवऱ्याच्या बुटातून सुरी निघाली, भावाच्या खिशातून सायकलची चेन.

"जेवायला आलास की चाक दुरुस्त करायला?" तिनं भावाला विचारलं. "ताई, तू आधी त्यांचा दुसरा बूट बघ," तो म्हणाला. दुसऱ्या बुटातही सुरी होती.

मांस तिनं आतूनच कापून आणलं. टेबलावर फक्त चमचे. थुंकायचं नाही, घोट लहान, घासाबरोबर, आणि गिळायचा. बाटल्या, नवऱ्याच्या फोडाफोडीतून वाचलेल्या आणि भावाच्या कारखान्यातल्या, कापडात गुंडाळलेल्या, म्हणजे कुणाची कुठली ते कळू नये आणि कुणाचा राग कुणावर निघू नये. साक्षीला खाटीक आणि मास्तर. हीच आमच्या मंडळाची पहिली बैठक.

दुसरी बाटली चाखून नवरा म्हणाला, "ही ज्यानं केली त्याला जोड्यानं मारावं."

"वाईट नाही," भाऊ दोन दात गेलेल्या तोंडानं म्हणाला. "घाई झाली. वर्षभर पडून राहू दिली असती तर नाव काढलं असतं."

बाईनं कापड सोडलं. बाटली नवऱ्याचीच होती.

खाटीक हसला, आणि तेच चुकलं. बहीणभावानं मिळून आपला पोपट केला, असं नवऱ्याला वाटलं. बसला होता तीच खुर्ची त्यानं मेहुण्याच्या डोक्यात घालायला उगारली. बाईनं मध्ये हात घातला. हाड मोडल्याचा आवाज मास्तरांनाही ऐकू गेला, आणि ते एका कानानं बहिरे.

भाऊ उठला होता. हातात टेबलावर आपटून फोडलेल्या बाटलीचा गळा.

"बस," बाई म्हणाली. तिच्या मनगटाच्या वर हात भलतीकडेच वळला होता. "तिसरी बाटली राहिलीय. तुम्हीही बसा."

"अगं, हात..." नवरा म्हणाला.

"वैद्याला मास्तर आणतील. तुम्ही वाढा."

नवऱ्यानं जन्मात कुणाला वाढलं नव्हतं. भोक पडलेल्या तळहातानं त्यानं आधी मेहुण्याच्या ताटात मटण घातलं, अर्धं टेबलावर सांडलं. मेहुण्यानं काचेचा गळा खाली ठेवला, ताईचा हात खुर्चीवरच्या उशीवर टेकवला आणि घोट घेतला. गिळला.

"काय लागतंय?" नवऱ्यानं खाली बघत विचारलं.

"थांबा, भावोजी. चव अजून येतेय."

मास्तर वैद्याला घेऊन येईपर्यंत कुणी उठलं नाही.