अक्काचा हात थांबला तिथं

नाना गेल्याचं मला धुळ्याहून कुणी कळवलं नाही. जळगावात, मेहरूणच्या एका चहाच्या टपरीवर पेपर उलटताना आतल्या पानावर पाच-सहा ओळी दिसल्या. ज्येष्ठ कथाकाराचं निधन. एक काळ असा होता की नानांना नुसती सर्दी झाली तरी मला पोस्टकार्डानं कळायचं. आता त्यांच्या मरणाची बातमी मला चार लोकांसारखीच मिळाली, आणि ती तशी मिळावी ही सोय माझी मीच करून ठेवली होती.

मी पारोळ्याजवळच्या खेड्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगायचो. दुसऱ्या वर्षाला असताना, पंच्याऐंशीच्या सुमारास, कथेची वही घेऊन धुळ्याला नानांच्या दारात उभा राहिलो. मोठ्या मासिकांतून छापून येणारा आमच्या भागातला माणूस. वाटलं, वही ठेवून घेतील, पाठ थोपटतील. नानांनी वहीला हातही लावला नाही. म्हणाले, "तूच वाच. आणि मला नको, हिला वाचून दाखव." त्यांची बायको, अक्का, सूप मांडीवर घेऊन ज्वारीतले खडे वेचत बसली होती. अक्काला अक्षर येत नव्हतं. मला रागच आला... बी.ए. होऊ घातलेल्या माणसानं आपलं साहित्य वाचायचं ते कुणापुढं? तरी वाचलं. पहाट, क्षितिज, जीवनाचा सागर. तीन पानं झाली, अक्काची बोटं आपली चालूच. मग एक वाक्य आलं : बापानं कॉलेजच्या फॉर्मवर अंगठा लावला, आणि शाई लागलेला अंगठा मुठीत लपवून तो घरापर्यंत आला. अक्काचा हात सुपातच थांबला. "मंग? फुढे?"

नानांनी कोनाड्यातली पेन्सिल काढली आणि त्या ओळीशेजारी खूण केली. "कथा इथून सुरू होते, पारोळेकर. आधीची तीन पानं जाताना बसस्टँडवर दे. शेंगदाणेवाल्याला पुड्या बांधायला होतील."

"त्याले पह्यले जेवू तं द्या!" अक्का म्हणाली.

पुढं सहा-सात वर्षं हीच रीत. मी एस.टी.नं धुळ्याला जायचो, अक्का निवडत बसायची, मी वाचायचो, आणि तिचा हात थांबला की नाना खूण करायचे. स्वतःच्या कथांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. "मला शब्द फसवतात रे, मी त्यांच्यातलाच झालो. हिला फसवता येत नाही." माझं एक वाक्यही त्यांनी कधी बदललं नाही. पण माझं अक्षर किडकं म्हणून पहिली कथा अख्खी स्वतःच्या हातानं उतरवून संपादकाला पाठवली ती त्यांनीच. मधूनच कार्ड यायचं, "अक्का विचारते, बापाच्या अंगठ्याची शाई निघाली का? पुढचं लिहून घेऊन ये."

मग माझं पुस्तक निघालं. जळगावात सत्कार झाला. माझ्याआधी जो बोलला, त्यानं आपले आजोबा, वडील, घरातली पुस्तकांची कपाटं, सगळं सांगितलं. माझी मान ताठ झाली. तेवढ्यात खालून कुणीतरी विचारलं, "तुम्हाला लिहायला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "कुणी नाही. आमच्या घरात पुस्तकच नव्हतं. मी एकटा शिकलो." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत नाना बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते...

कार्यक्रम संपल्यावर ते गर्दीतून पुढं आले. "आवाज खणखणीत लागला, पारोळेकर. निघतो, साडेपाचची बस आहे." त्यांना स्टँडपर्यंत पोचवायलाही मी गेलो नाही. नंतर दोन कार्डं आली. त्यांत त्या दिवसाबद्दल अक्षर नव्हतं, नुसतं "नवं काय?" मी उत्तर दिलं नाही. आधी लाज होती म्हणून, आणि मग उशीर फार झाला म्हणून. तिसरं कार्ड आलं नाही.

बातमी वाचून धुळ्याला गेलो. घरात बायाबापड्या बसल्या होत्या. अक्कानं मला ओळखलं आणि सगळ्यांना सांगू लागली, "हाऊच तो पारोळाना. भरी सभामा यानी मन्हं नाव लिन्हं व्हतं. 'माले अक्कानी लिव्हाले शिकाडं' म्हने. बठ्ठासनी टाळ्या वाजाड्यात. त्यासनी घर ईसन माले सांगं." म्हणजे त्या दिवशी घरी जाऊन नानांनी तिला सांगितलं होतं, की भर सभेत मी तिचं नाव घेतलं. बाया माझ्याकडं कौतुकानं बघू लागल्या. कुणीतरी चहा दिला. मी तो पिऊन टाकला. जळगावच्या त्या सभेत खोटं बोललो तेव्हा गर्वात होतो. इथं गप्प राहिलो तेव्हा सगळं शुद्धीवर राहून केलं.

पेपरच्या पुरवणीसाठी नानांवर लेख मागितला गेला तेव्हा पहिल्यांदा जो लिहिला त्यात नाना वटवृक्ष होते, दीपस्तंभ होते. दोन दिवसांनी वाचला आणि फाडला. मग हा लिहायला घेतला. इथपर्यंत आला, आणि मागच्या रविवारी तो घेऊन धुळ्याला गेलो. अक्का तिथंच बसली होती, मांडीवर सूप. मी म्हणालो, "अक्का, नानांवर लिहिलंय. वाचू?"

"वाच ना भाऊ."

टपरी झाली, शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या. अक्का हसली, पण बोटं चालूच होती. मग सभा आली. 'कुणी नाही' हे दोन शब्द वाचले आणि मी खालीच बघत राहिलो. खडे वेचण्याचा बारीक आवाज बंद झाला होता. "मंग? फुढे?" ती म्हणाली नाही. मीच पुढचं वाचलं, टाळ्या, बस, कार्डं, चहा, शेवटपर्यंत.

अक्का म्हणाली, "म्हंजे त्यासनी माले खोटं सांगं..."



मग तिनं कोनाड्याकडं नुसती मान वळवली. "पेन्सिल तठेच शे. खूण कर."

बोटभर उरलेली पेन्सिल, टोक नानांनी चाकूनं काढलेलं. मी उठलो, ती घेतली, आणि त्या दोन शब्दांशेजारी खूण केली. मी निघालो तेव्हाही अक्काचा हात सुपात तसाच होता.