नारायणभियांची शिफ्ट

दुपारचे साडेतीन वाजले की नारायणभिया उठून उभे राहत. समोर गरम चहा असो, पाहुणा असो, ते तडक दारात जात, रस्त्याकडे बघत चुळबुळत, आणि परत येऊन बसत. चहा तोवर गार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "कोणी येणार आहे का?"

"नाही हो ताई. शिफ्ट सुटायची वेळ झाली ना!"

त्यांच्या कापड मिलला कुलूप लागून तेव्हा कित्येक वर्षं झाली होती.

आमच्या ह्या हिंदी मुलखातल्या शहरात भावाला भिया म्हणतात. मिलच्या विणाई खात्यात ह्या भियांचा एक नियम होता, जोडीदार आल्याशिवाय माग सोडायचा नाही. त्यांचा जोडीदार सांवेर गावचा रामरतन. सकाळी हे, दुपारी तो. एकाच मागावर दोघांची उमर गेली, पण भेट रोज पाच मिनिटांची. उदारीकरणाच्या बातम्या पेपरात येत होत्या, त्याच दिवसांत एका दुपारी मिल बंद झाली. रामरतनला फाटकावरच अडवलं आणि ह्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं. रामरतन गावी गेला, तो तिकडेच वारला. नारायणभिया म्हणत, "माझी शिफ्ट सुटलीच नाही ताई. बिल्कुल नाही."

मिलची जमीन विकली गेली. फाटकाजवळची टाइमकीपरची खोली तेवढी आमच्या वस्तीच्या हाती लागली. मी वस्तीतल्या शाळेत शिकवायची. तिथे संग्रहालय करायचं आम्ही ठरवलं, तसे लोक घराघरांतून मागाचे धोटे, डबे, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत मिलची झांकी निघे तिच्यातला लाकडी घोडासुद्धा घेऊन आले. नारायणभिया मिलचे माग नेणाऱ्या भंगारवाल्याच्या ट्रकपुढे जाऊन उभे राहिले. एकदाही खाली बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी भंगारवाला कंटाळला आणि त्यांचा माग सोडून गेला.

पुढचा शहाणपणा माझा. उद्घाटन दोन दिवसांवर आलं म्हणून मी तो माग, खाचखळगे लांबीने बुजवून, हिरव्यागार ऑइलपेंटने रंगवून घेतला.

सकाळी नारायणभिया आले, त्यांनी मागाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ताई, ये क्या कर दिया तुम्ही?"

"मग काय, गंजलेला दाखवायचा?" मी फणकारले.

त्यांनी वाद घातला नाही. पण दुसऱ्या दिवशी काचपेपर घेऊन आले आणि घासायलाच बसले. उद्घाटनाच्या पाहुण्यांचं भाषण चालू आणि मागे खर्र खर्र! "भिया, आज तरी थांबा," मी दातओठ खाऊन म्हटलं. थांबतील तर ते नारायणभिया कसले! माझी सगळी शोभा त्या माणसाने घालवली. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

नवव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. माझा हात धरून मागाच्या पुढच्या लाकडी पट्टीवर, उजवीकडे ठेवला. तिथे एक खळगा होता, तळहात अलगद बसेल एवढा, वर्षानुवर्षं हात टेकून टेकून गुळगुळीत झालेला.

"हा मी," ते म्हणाले. मग पट्टीच्या डाव्या टोकाकडे बोट केलं. तिथे अजून हिरवा रंग होता. "रामरतन उल्ट्या हाताचा होता. त्याची जागा इकडे. ती मिळत नाही आहे ताई."

रामरतनचा फोटो कुणाकडे नव्हता. त्याची तेवढीच खूण उरली होती आणि ती मी रंगाखाली घातली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पदर खोचला आणि काचपेपर घेतला.

दुपारी रंग, लांबी सगळं निघालं. खाली तसाच खळगा होता, थोडा खोलच. नारायणभियांनी त्यात आपला डावा हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

"आ गया भिया?" ते हळूच म्हणाले. "ले, संभाल."

आणि रस्त्याकडे न बघता सरळ घरी गेले.

त्यानंतर ते चार वर्षं होते. साडेतीनचा चहा शेवटच्या घोटापर्यंत बसून प्यायचे.