माझ्या बायकोचं माप

मी चौथीपर्यंत शिकलो, आमच्या पोशीरकडच्या गावातल्या याच शाळेत. नटवून सांगता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो. भरल्या वर्गात मी एका आठ वर्षांच्या पोरीच्या हातातून माप काढून घेतलं. ती कातकऱ्याची होती म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

माझी बायको त्या शाळेत अकरा वर्षं खिचडी शिजवायची. गणपती झाले आणि ती गेली. ताप आला, कर्जतला नेली, तिथून पनवेलला नेली, आणली ती गाडीत झोपवूनच. मुलगा खोपोलीला शिळफाट्यावर राहतो, तो चौदावा करून कामावर गेला. मग मला घर खायला उठायचं. दहा वाजले की मी शाळेच्या वरांड्यात जाऊन बसायचो. खिचडीला फोडणी बसायची तो वास यायचा. नवी बाई चांगली होती, पण एकदा म्हणाली, "काका, बसा खुशाल, पण मिठाचं मला शिकवू नका."

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा साजगावची एक पोरगी आली. बाप कारखान्यात, ही मास्तरीण व्हायला निघालेली. कॉलेजनं तिला बारा दिवस आमच्या शाळेत धाडलं होतं, वर्ग बघायला. शिकवायचं नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. पोरांबरोबर सतरंजीवर सगळ्यात मागं बसायची, मांडीवर वही.

मी विचारलं, "पोरी, सारखं लिहितेस तरी काय?"

"गुरुजी कसं शिकवतात, मुलं काय करतात, ते."

"आणि आमी वरांड्यात बसून खोकतो, ते?"

"ते समासात लिहिते, आजोबा."

तेव्हा मी हसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदाच हसलो असेन.

शेवटच्या दिवशी तिला स्वतः एक पाठ घ्यायचा होता. कॉलेजच्या मॅडम येऊन बघणार, मार्क देणार. त्याच मार्कांची तिला धास्ती होती. पाठ तिसरीचा, भांड्यात किती मावतं त्याचा. ती माझ्याकडं आली. "आजोबा, पुस्तकात नुसती चित्रं आहेत. तुमच्याकडं भात मोजायचं जुनं माप आहे का? तुम्हीच येऊन मोजून दाखवाल?"

मला बरं वाटलं. घरात पितळेचं शेराचं माप होतं, बायकोचं. तिचा तळवा फिरून फिरून त्याची कड एका बाजूनं झिजली होती. शाळेतला वजनकाटा बिघडल्यापासून ती ते रोज पिशवीत घालून शाळेत न्यायची आणि संध्याकाळी घरी आणायची. तीच पिशवी घेतली, थोडे तांदूळ घेतले आणि गेलो.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मी पोरांपुढं मांडी घातली. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, मग दोन, तीन. पण मला वाटलं, शिकलेल्या बाईपुढं ते गावंढळ दिसेल. मी एक म्हणालो. पोरं माझ्याबरोबर मोजायला लागली. शेजारच्याच्या नातवाला मी माप हातात दिलं, म्हटलं बघ किती जड हाय.

मग ती पोरगी म्हणाली, "आता कोण मोजेल?" सगळ्यांचे हात वर झाले. तिनं बोलावलं मात्र एका मुलीला, जी हात वर करत नव्हती. कातकरवाडीवरची, कोपऱ्यात बसणारी. तिच्या तोंडून मी कधी शब्द ऐकला नव्हता. ती आली, बसली आणि तिनं माप उचललं.

मी ते ओढून घेतलं. "ए, ठेव ते! माझ्या बायकोचं माप हाय. कोणाच्या पण हातात द्यायला नाय."

शेजारच्याचा नातू तिथंच बसला होता. पोरांना सगळं कळतं. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या, मग पुन्हा लिहायला लागल्या. ती साजगावची पोरगी उठली, पाण्याच्या पिंपावरचा स्टीलचा पेला आणला, पुसला आणि मुलीला दिला. "याने मोज गं."

मुलीनं पेला भरला. तळवा फिरवून वरचे तांदूळ सपाट केले. कड कपाळाला लावली आणि ओतताना म्हणाली, "लाभ."

पोरं हसली. "एक म्हण गं, एक!"

"आजी लाभच म्हणायची."

साजगावच्या पोरीनं विचारलं, "कुठली आजी?"

"खिचडीवाली. रोज माझ्याकडनंच मोजून घ्यायची. त्याच मापानं." तिनं माझ्या मांडीवरच्या मापाकडं बोट केलं.

त्याच मापानं संध्याकाळी माझ्या घरी तांदूळ मोजले जायचे, आणि मी जेवायचो. मला काही झालं नव्हतं. बायकोनं मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते का, तेही मला माहीत होतं. एकदा वाडीवरच्या बाईला दिलेला कप तिनं आमच्या कपांत ठेवला तेव्हा मी तो अंगणात फेकला होता. त्यानंतर ती असलं काही माझ्या कानावर घालायची नाही. चांगलं काम तिला माझ्यापासून लपवून करावं लागलं. तिच्यासाठी रडत होतो ना मी वरांड्यात बसून?

तेव्हा तरी मी मुलीच्या हातात माप द्यायचं. नाही दिलं. पिशवीत घातलं, तांदूळ तिथंच टाकले आणि घरी आलो.

संध्याकाळी ती साजगावची पोरगी तांदूळ परत द्यायला आली. ओट्यावर बसली. तिच्या वहीत पाठात काय चुकलं ते लिहायचं असतं. मी म्हटलं, दाखव. तिनं आढेवेढे घेतले, मी वही घेतलीच. अक्षर अक्षर जुळवत वाचलं. साहित्य अपुरे पडले. आणखी एक माप आणायला हवे होते.

"हे खोटं हाय. माझं लिही."

"मॅडमची सही झाली, आजोबा."

"मार्क कापले?"

"कापले."

"चूक माझी, लिही ना मग!"

तिनं वही मिटली. "मला काय सांगता? तिला सांगा." आणि ती टेंपो गाठायला निघून गेली.

सकाळी माप घेऊन शाळेत गेलो. कोपरा रिकामा. गुरुजी म्हणाले, "काका, वाडीवरचे सगळे काल रात्री वीटभट्टीला गेले. खालापूरच्या बाजूला. आता पावसाळ्याच्या तोंडावर येतील."

तेवढं थांबायचं माझं वय नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं खालापूरला गेलो आणि भट्ट्या शोधत चालत सुटलो. दोन भट्ट्यांवर कोणी ओळखीचं नव्हतं. तिसरीवर मुकादम भेटला.

"कोणाला शोधता, बाबा?"

"आमच्या शाळेतली पोर हाय एक."

"कोण लागते तुमची?"

माझ्या तोंडातून निघालं, "आमची कोण लागणार? कातकऱ्याची हाय."

तो हसला. "इथं सगळ्याच कातकऱ्याच्या हायत. नाव सांगा."

मला नाव माहीत नव्हतं. बायकोला माहीत असणार, रोज हाक मारत असेल ती. मी दोन-तीन महिने त्या वरांड्यात बसलो, पण कधी विचारलं नव्हतं.

पिशवी काखेत धरून तसाच मागं फिरलो. सकाळी शाळेत जाऊन गुरुजींना म्हटलं, "हजेरी काढा, मला त्या पोरीचं नाव बघायचं हाय." त्यांनी बोट ठेवलं. पुढं दोन दिवसांच्या गैरहजेरीच्या खुणा होत्या. मी नाव जुळवत वाचलं. मग मोठ्यानं म्हणून बघितलं, दोनदा, आणि खालापूरची एसटी धरायला निघालो.